पाच ट्यूबा आणि एक डबी

जूनचा दुसरा आठवडा होता. पावसानं नुकता जोर धरला होता, त्यामुळं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात गर्दी कमी होती. मावशी आत आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. टूथपेस्टच्या पाच ट्यूबा. दोन जवळजवळ भरलेल्या, एक अर्धी, दोन शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या.

"मॅडम, ह्यातली कुठली लावू तेवढं सांगा. पाच झाल्या, एक बी लागू पडंना. रगात काय थांबंना झालंय."

मावशींचं वय ५२. राजारामपुरीत त्या खानावळ चालवतात. दोन वेळचे मिळून चाळीसेक डबे, शिवाय जागेवर बसून जेवणारी मुलं. सोबत त्यांचा मुलगा आला होता, त्यानंच आग्रह करून आईला आणलं होतं. ही केस मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच की "हिरड्यांसाठी कुठली पेस्ट चांगली?" हा प्रश्न मला दिवसातून दोन-चारदा तरी ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर देताना मी स्वतः कुठं कमी पडले ते या केसमध्ये मला दिसलं.

आधी त्यांचं म्हणणं. दिवाळीच्या सुमारास ब्रशवर पहिल्यांदा गुलाबी फेस दिसला. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सांगितलं, त्यानं पेस्ट बदलून दिली. महिना-दीड महिना बरं वाटलं, पुन्हा रक्त. शेजारणीनं दुसरी सुचवली. मग सुनेनं मोबाईलवर बघून तिसरी मागवली. असं करत आठ महिने गेले. प्रत्येक नवी पेस्ट पहिले काही दिवस लागू पडल्यासारखी वाटत होती, हे त्या शपथेवर सांगत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवी ट्यूब आणली की माणूस चार दिवस मन लावून दात घासतो. तोंडात पुदिन्याचा गारवा राहतो, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. रक्त खरोखर थोडं कमी होतं, पण ते घासण्यामुळं. मग खानावळीची घाई पुन्हा सुरू होते आणि ब्रश जेमतेम अर्धा मिनिट फिरतो.

त्याच ओघात त्यांनी एक वाक्य असं सांगितलं की मी लिहिणं थांबवून वर बघितलं. "जिथनं रगात येतंय तिथं मी ब्रशच लावत न्हाई. दुखापत कशाला वाढवायची?"

हे फार जण करतात. खरचटलेल्या जागेला हात लावू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण हिरडीतून रक्त बहुतेक वेळा ब्रश लागल्यामुळं येत नाही. ब्रश तिथं पोचत नाही म्हणून येतं. दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या कडेवर जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही तर हिरडी त्याच्याविरुद्ध लढायला लागते, तिच्यात रक्ताचा पुरवठा वाढतो, ती सुजते, लाल होते आणि जरा स्पर्श झाला की वाहते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथं हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सरळ करूनच बघितलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात, थोड्या फार फरकानं, त्या पूर्ववत झाल्या. कुठलंही औषध त्यात नव्हतं. शिकत असताना हा प्रयोग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याची किंमत दवाखान्यात बसल्यावर कळली.

मावशींच्या तोंडात मात्र गोष्ट या टप्प्याच्या पुढं गेली होती. मऊ थर तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं कीटण होतं, दगडासारखं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला त्यांच्याकडं कीटणाची सलग भिंत होती. कीटण कुठल्याही पेस्टनं निघत नाही, कितीही घासा. ते यंत्रानं किंवा हत्यारानंच काढावं लागतं.

हिरड्या तपासताना आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडीच्या मध्ये हलकेच सरकवतो. निरोगी जागी ती १ ते ३ मिलिमीटर आत जाते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं. मावशींचे २७ दात होते, म्हणजे १६२ जागा. त्यांपैकी ९८ जागी रक्त आलं. बऱ्याच जागी सळई ४ मिलिमीटर आत गेली, मागच्या दाढांपाशी ५. एक्स-रेमध्ये दाढांच्या भोवतालचं हाड वरून थोडं झिजलेलं दिसलं. हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार, २०१८ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात ज्याला दुसरा टप्पा म्हणतात तो. दात हलत नव्हते. एकही दात काढावा लागणार नव्हता. पण गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, हे मी त्यांना आणि मुलाला दोघांनाही स्पष्ट सांगितलं.

एक गोष्ट मला खटकली. वरच्या हिरड्यांवर थर बेताचा होता, तरी सूज त्या मानानं जास्त होती. विचारल्यावर कळलं की त्यांच्या आईला साखर होती, त्यांनी स्वतः कधी तपासलेली नव्हती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला लिहून दिली. आकडा आला ७.८. मधुमेह ६.५ पासून धरतात. म्हणजे घरात साखरेचा आजार होता आणि त्याचा पहिला पत्ता हिरड्यांनी दिला. साखर जास्त असली की हिरडीची लढण्याची आणि भरून येण्याची ताकद कमी होते. उलट, हिरड्यांतला जुना दाह शरीरात साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही बाजूंनी हे नातं चालतं. मी त्यांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडं चिठ्ठी देऊन पाठवलं.

ट्यूबांच्या मागची बारीक अक्षरं

एवढं झाल्यावरही मावशींचा प्रश्न जागेवरच होता. "ते सगळं खरं ओ, पण पेस्ट कुठली?" पाच ट्यूबा घेऊन पावसातून आलेल्या बाईला "पेस्टनं काही होत नाही" असं म्हणून परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही. पेस्टनं काही गोष्टी होतात, काही होत नाहीत. म्हणून मी पाचही ट्यूबा एकेक करून पालथ्या केल्या आणि मुलाला मागची अक्षरं मोठ्यानं वाचायला सांगितली.

पहिली म्हणजे घरातले सगळे वापरतात ती साधी, पांढरी, स्वस्त पेस्ट. घासायला कॅल्शियम कार्बोनेट, फेसाला सोडियम लॉरिल सल्फेट आणि दात किडू नये म्हणून फ्लोराइड. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर चालत नाही, आणि ते किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. शिवाय वापरायची अंतिम तारीखही. या ट्यूबेवर दोन्ही होतं. तिचा दोष काहीच नव्हता. रक्त दिसलं त्या दिवशी ती हातात होती, एवढाच तिचा अपराध.

दुसरीवर लवंग, कडुनिंब, बाभळीची साल यांची चित्रं होती. लवंगेत युजेनॉल असतं, ते थोडं बधिर करतं आणि जंतूंवरही चालतं. आपल्या आज्या दुखऱ्या दाताखाली लवंग धरायच्या त्याला कारण आहे, आणि वनस्पतींची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण या ट्यूबेत फ्लोराइड नव्हतं. मावशींच्या काही दातांवरून हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली होती. मुळावर दाताचं कठीण कवच नसतं, तिथं कीड लवकर लागते. अशा तोंडात फ्लोराइड नसलेली पेस्ट मी देत नाही.

"पण म्याडम, फ्लोराइड वाईट असतंय म्हणं?" सुनेनं मोबाईलवर वाचलेलं. चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. तो त्रास खरा आहे. पेस्ट आपण थुंकून टाकतो आणि मोठ्या माणसाला ती वाटाण्याएवढी पुरते. नातवाची काळजी असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठ्या कुणीतरी शेजारी उभं राहायचं.

तिसरी दात शिवशिवतात त्यांच्यासाठीची. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि सोबत फ्लोराइड. पोटॅशियम दाताच्या आतली नस शांत करतं, पण त्याला दोन ते चार आठवडे लागतात. मावशींनी ती दहा दिवसांत सोडली होती. ही अर्धी उरलेली ट्यूब मी बाजूला काढून ठेवली.

चौथी काळी, कोळशाची. "दात काळं पडलंत चहानं, म्हणून घेतली." कोळशाच्या पेस्टबद्दल माझं मत कडक आहे. ती वरचे डाग घासून काढते, कारण ती खरखरीत असते. पेस्ट किती खरखरीत आहे ते मोजायचं एक माप आहे, आरडीए नावाचं. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची वरची हद्द २५० आहे. आपल्याकडं ट्यूबवर हा आकडा सहसा छापलेला नसतो, त्यामुळं घेणाऱ्याला काही कळत नाही. उघड्या मुळाचा भाग कवचापेक्षा कितीतरी मऊ. त्यावर ताठ ब्रश आणि खरखरीत पेस्ट रोज आडवी फिरवली की दाताच्या मानेशी खाच पडते. मावशींच्या डाव्या सुळ्यावर ती दिसायला लागली होती.

"चहानं काळं" हे शब्द मी त्या दिवशी ऐकले आणि सोडून दिले. ते पुढं येईलच.

पाचवी सगळ्यांत महाग, खास हिरड्यांसाठीची. तिच्यात खाण्याचा सोडा भरपूर होता. खारट लागते म्हणून मावशींनी चार दिवसांत ठेवून दिली. या प्रकारची पेस्ट वाईट नसते. जास्त सोडा असलेल्या पेस्टनं थर आणि रक्त दोन्ही थोडे कमी होतात. स्टॅनस फ्लोराइड किंवा जस्त असलेल्या पेस्टांचाही हिरड्यांना थोडा फायदा होतो. ट्यूबेवर "हिरड्यांसाठी" असं लिहिलेलं असेल तर मागं यांपैकी काही आहे का ते बघावं, पुढचं चित्र बघू नये. पण मावशींनी ती कीटणाच्या भिंतीवर लावली होती. मातीनं भरलेल्या भिंतीवर चुना मारावा तसं ते झालं.

मुलानं मध्येच विचारलं, "मॅडम, खाली हिरवी पट्टी असली की आयुर्वेदिक, काळी असली की केमिकल ना?" नाही. ती पट्टी कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठं कापायची आणि मिटवायची ते कळावं म्हणून असते. आत काय आहे याच्याशी तिचा संबंध नाही. तो जरा खट्टू झाला, कारण घरात पेस्ट निवडायचं काम तो या पट्टीवरून करत होता.

मावशींना मी बाजूला काढलेली तिसरी ट्यूब दिली. त्यांचीच, घरी पडून असलेली. कारण कीटण काढल्यावर त्याखाली झाकलेली मुळं उघडी होतात आणि काही आठवडे गार पाणी लागलं की शिवशिवतात. तेवढ्यात माणूस घाबरून घासणं सोडतो. शिवशिव थांबली की घरातली पहिली, साधी फ्लोराइडची पेस्टच चालेल असं सांगितलं. नवी ट्यूब घ्यायची नाही हे ऐकून त्यांना जरा फसल्यासारखं वाटलं असावं, चेहऱ्यावर दिसत होतं. ब्रश मात्र बदलायला लावला. ताठ जाऊन मऊ आला. तो हिरडीच्या कडेशी तिरका धरायचा, दातावर नव्हे तर दात आणि हिरडी यांच्या सांध्यात, आणि जागच्या जागी हलवायचा. दोन मिनिटं, दोनदा. नंतर पेस्ट थुंकायची, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं.

दाढांच्या फटींत ब्रश पोचत नाही. तिथं मावशी काय करत होत्या? रविवारी मटण झालं की दाढेत अडकलेला तंतू ब्लाउजच्या सेफ्टी पिनेनं काढत होत्या. हे सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर काडेपेटीच्या काडीनं किंवा पिनेनं दात कोरणारे मला रोज भेटतात. मी फटींचा ब्रश दाखवला. बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसतो. जिथं फट आहे तिथं तो दातांच्या फटी साफ करायच्या धाग्यापेक्षा बरा, आणि वाकड्या बोटांनाही जमतो.

कीटण दोन बैठकांत काढलं. दात साफ केले की हलतात, फटी पडतात, ही भीती त्यांनाही होती. फट आधीच असते, कीटणानं बुजलेली असते. ते निघालं की जीभ तिथं जाते आणि मोकळं वाटतं. खालच्या डाव्या आणि वरच्या उजव्या बाजूला भूल देऊन हिरडीखालची मुळंही स्वच्छ केली. दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनच्या ०.२ टक्क्याच्या औषधानं गुळण्या, पेस्ट आणि गुळणी यांत अर्ध्या तासाचं अंतर. ते अंतर महत्त्वाचं असतं, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं या औषधाचा जोर कमी होतो.

पहिल्याच दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला होता. "मावशी, तंबाखू खाता का?" "छे ओ, आमच्या घरात कुणी बी तंबाखू खात न्हाई." मी कागदावर "नाही" लिहिलं आणि पुढं गेले.

डबी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या परत आल्या. रक्त कमी होतं, पण माझ्या अपेक्षेइतकं नव्हतं. आणि खालच्या पुढच्या दातांवर, ओठाकडच्या बाजूनं, तपकिरी-काळे डाग परत आले होते. तीन आठवड्यांपूर्वी मी ते दात लख्ख केले होते. पहिला विचार आला तो गुळणीच्या औषधाचा, कारण क्लोरहेक्सिडीननं डाग पडतात, त्यात या बाईंचा चहा दिवसातून पाच वेळा. मी तसं म्हणालेही. मग हात धुताना विचार केला की औषधाचे डाग असे एका कोपऱ्यात बसत नाहीत, ते सगळीकडं, हिरडीच्या कडेनं, फटींत पडतात. हे फक्त खाली पुढं होते.

मी परत आले आणि या वेळी खालचा ओठ बोटांनी पूर्ण खाली ओढून बघितला. आत, ओठ आणि हिरडी मिळतात त्या खोबणीत, पांढुरकी, सुरकुतलेली त्वचा होती. त्याच जागी हिरडी सर्वांत जास्त खाली सरकलेली. पहिल्या दिवशी मी दातांभोवती १६२ जागा मोजल्या आणि हा ओठ असा ओढून बघितला नव्हता. ही माझी चूक आहे. तोंड तपासताना सगळं तोंड तपासायचं असतं.

मग त्यांच्या उजव्या हाताकडं नजर गेली. तर्जनीचं टोक तपकिरी.

मुलाला मी बाहेर बसायला सांगितलं. "मावशी, मिसरी लावता?"

त्या हसल्या, जरा लाजून. "मिसरी व्हय? ती लावतो की. न्हाई लावली तर पोटच साफ होत न्हाई. सकाळी पाचला उठतो, पैली मिसरी. मग दुपारी भांडी झाली की. मग सांजच्याला." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "करतो, जातो" म्हणतात, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. मला त्या दिवशी नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. मी तंबाखू खाता का असं विचारलं होतं, आणि मिसरी ही त्यांच्या मनात तंबाखू नव्हती. ती दात घासायची वस्तू होती. तंबाखू तव्यावर भाजून, काळी झाली की चुरून डबीत भरायची. त्यांच्या आईनं तेच केलं होतं, सासूनंही. दिवसातून तीनदा ती बोटानं दातांवर आणि हिरडीवर फिरायची आणि थोडी ओठाखाली राहायची. पाच पेस्टांच्या आधी, मध्ये आणि नंतर त्यांच्या तोंडात एक सहावी गोष्ट रोज जात होती, आणि ती सांगायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण मी नीट विचारलंच नाही.

१९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पुढं सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. पण स्वयंपाकघरात तव्यावर भाजलेल्या डबीपर्यंत ती बंदी कशी पोचणार? आमच्या भागात किती घरांत आजही भल्या पहाटे हा ठसका लागणारा वास येतो, ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. मला याचा त्रास होतो, कारण ज्या बायका नवऱ्याच्या गुटख्यावरून घर डोक्यावर घेतात त्याच बायकांच्या कनवटीला ही डबी असते आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. मिसरीतही निकोटीन असतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. आणि पोट साफ होतं ते निकोटीन आतड्यांना ढकलतं म्हणून. ते औषध नव्हे, सवय आहे.

हे सगळं मी त्यांना रागावून सांगितलं नाही. पांढरा भाग आरशात दाखवला. "हा डाग मिसरी बंद केल्यावर काही आठवड्यांत जायला पाहिजे. नाही गेला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा." त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोराला सांगू नगासा." मुलाला बहुधा माहीत होतं, पण मी सांगितलं नाही.

सोडायचं कसं, यावर आमचा पाऊण तास गेला. माझ्या दवाखान्यात एका पेस्टच्या निवडीवर एवढा वेळ कधी जात नाही. सर्वांत अवघड घटका पहाटेची, हे त्यांनीच सांगितलं. पोटासाठी उठल्याबरोबर कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात भाजी जास्त. हात मोकळा राहिला की बोट डबीकडं जातं, म्हणून डबी घरातच ठेवायची नाही. तोंडाला चाळा हवाच तर लवंग किंवा बडीशेप, गूळ नको, कारण साखर आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, हे आधीच सांगितलं, म्हणजे तिसऱ्या दिवशी "मला मिसरीवाचून जमतच नाही" असं त्यांना वाटू नये.

आणखी एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली. सिगारेट सोडणाऱ्यांच्या हिरड्यांतून सुरुवातीला रक्त वाढलेलं दिसतं, कारण निकोटीननं आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. मिसरीत तसं होईलच असं नाही, पण झालं तर पेस्टला दोष द्यायचा नाही आणि सहावी ट्यूब आणायची नाही.

पुढचे तीन महिने

त्यांनी पहिल्या झटक्यात सोडली नाही. जुलैच्या शेवटी फोन आला, दिवसातून एकदा लावतो म्हणाल्या, पहाटेची. ऑगस्टच्या मध्यावर तीही बंद झाली. ओठामागचा पांढरा भाग पंधरा दिवसांनी बराच फिका झाला होता, आणखी महिन्याभरानं दिसेनासा झाला, त्यामुळं तुकडा काढायची वेळ आली नाही. तरीही प्रत्येक भेटीत मी तो ओठ खाली ओढून बघते, आणि पुढंही बघणार आहे.

फॅमिली डॉक्टरांनी साखरेची गोळी सुरू केली. खानावळीत भात कमी करणं त्यांना जमलं, चहातली साखर सुटायला वेळ लागला. गौरी-गणपतीत माहेरी गेल्या, तिथं बहिणी सकाळी ओट्याशी बसून मिसरी लावतात. चार दिवस त्यांनीही लावली. परत आल्यावर स्वतःहून सांगितलं. जूनमध्ये हीच बाई मला "आमच्यात कुणी खात न्हाई" म्हणाली होती, त्यामुळं हे सांगणं मला मोठं वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटी सगळं पुन्हा मोजलं. १६२ पैकी २९ जागी रक्त, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास. जूनमध्ये ते साठ टक्के होतं. ४ मिलिमीटरच्या बऱ्याच जागा ३ वर आल्या. ५ च्या दोन उरल्या, दोन्ही वरच्या उजव्या शेवटच्या दाढेमागं, जिथं मावशींचा ब्रश अजून नीट पोचत नाही. एचबीए१सी ७.१. त्याचं श्रेय मी घेत नाही, गोळी आणि कमी झालेला भात यांचं ते आहे. हिरड्यांच्या उपचारानं हा आकडा साधारण ०.४ नं कमी होऊ शकतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे, त्यामुळं थोडा वाटा आमचा असेल.

पेस्टचं म्हणाल तर शिवशिव ऑगस्टमध्येच थांबली. तिसरी ट्यूब संपल्यावर त्यांनी घरातली पहिली, साधी पांढरी पुन्हा सुरू केली, तीच जी दिवाळीत टाकून दिली होती. हिरड्यांची महाग ट्यूब मुलगा संपवतो आहे, त्याला खारट चव चालते. काळी पेस्ट त्यांनी चांदीचं निरांजन घासायला ठेवली आहे.

दवाखान्यात मी एक बदल केला. तपासणीच्या कागदावर आता "तंबाखू खाता का?" एवढंच लिहिलेलं नाही. खाली वेगळ्या ओळींत मिसरी, मावा, गुटखा, तपकीर, विडी असं लिहिलं आहे आणि सहायक बाई प्रत्येक नाव उच्चारून विचारते, शक्यतो घरचं माणूस बाहेर असताना. पहिल्या महिन्यातच मला कळलं की माझ्या जुन्या पेशंटपैकी ज्यांच्या कागदावर वर्षानुवर्षं "नाही" लिहिलेलं होतं, त्यांत मिसरी लावणाऱ्या बायका होत्या. त्यांना एकेक करून मी पुन्हा बोलावते आहे.

मावशींची पुढची तारीख डिसेंबरची आहे. वरच्या उजव्या दाढेमागच्या त्या दोन जागा तेव्हाही ५ वरच राहिल्या तर तिथं भूल देऊन पुन्हा साफ करावं लागेल, हे त्यांना सांगून ठेवलं आहे. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "माझी धाकटी भण बी लावतीया. तिला आणू का?" मी म्हणाले, आणा, आणि येताना तिची पेस्ट आणि डबी दोन्ही घेऊन या.